कुडाळचं आगळ दुबईच्या दुकानात: आमची पहिली निर्यात

दुबईच्या आयातदाराकडून दुसऱ्या ऑर्डरचे सगळे पैसे मागच्या महिन्यात जमा झाले. पहिल्या ऑर्डरनंतर लिहायला घेतलं नव्हतं, कारण माल एकदा जाणं वेगळं आणि तो तिथे विकला जाऊन पुन्हा मागणी येणं वेगळं. आता लिहिते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आमच्यासारखे कोकम, आंबा, फणस, काजूवाले छोटे कारखानदार पुष्कळ आहेत. ‘निर्यात’ म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी कानावर येतात: एक तर ‘लायसन्स काढा, लाखो कमवा’ अशा जाहिराती, नाहीतर ‘आपल्याला जमायचं नाही ते’. या दोन्हींच्या मधला रस्ता कसा असतो ते मला सुरुवातीला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आमचं काम कुडाळ तालुक्यात. सासूबाईंनी पडवीत सुरू केलं, आता मी आणि माझे धाकटे दीर बघतो. कोकम सरबत, आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), आमसुलं आणि मे महिन्यात थोडा आमरस, फणसपोळी. पल्पर (गर काढायचं यंत्र) आणि बाटल्या भरायचं यंत्र पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून कर्ज काढून घेतलं. त्यात ३५ टक्के अनुदान मिळत होतं, जास्तीत जास्त १० लाख. विक्रीत सगळ्यात मोठा वाटा सरबताचा. मालवण, सावंतवाडी आणि हायवेवरची दुकानं हे आमचं गिऱ्हाईक, म्हणजे खरं तर पर्यटक. जून ते सप्टेंबर उलाढाल बसते. शिवाय आता दर चौथ्या घरात सरबत होतं, दुकानदार उधारी वाढवत नेतात आणि किंमत खाली ओढतात. नवीन बाजार शोधायचा तो हौस म्हणून नव्हे, पावसाळ्यातले पगार निघावेत म्हणून.

पुणे-मुंबईत आमच्याआधी मोठे ब्रँड बसलेले. मग आखाताकडे लक्ष गेलं. नणंद शारजात राहते. दर सुट्टीत जाताना बॅगेत आगळाच्या बाटल्या आणि आमसुलं भरून नेते आणि शेजारणी तिच्याकडून मागून घेतात. पण शेजारणींना आवडणं म्हणजे बाजार नव्हे, हे आम्हाला तेव्हाही कळत होतं.

जानेवारी २०२४ मध्ये ओरोसला जिल्हा उद्योग केंद्राची निर्यातीवरची कार्यशाळा झाली. तिथल्या एका वक्त्यांचं बोलणं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं: कोड मिळाला म्हणजे निर्यात सुरू झाली असं धरू नका, तुमचा माल उतरवून घेताना तिथल्या आयातदाराला काय काय भरावं लागेल ते आधी विचारा. पुढे आमचा अख्खा आराखडा या एका प्रश्नाने बदलला.

कागदपत्रांचं आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त भीती त्यांचीच वाटते.

आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार खात्याच्या, पोर्टलवर निघतो. फी ५०० रुपये. पॅन, पत्ता आणि बँक खात्याचा पुरावा नीट असेल तर एजंटाची गरज लागत नाही. आमचा दिरांनी घरी बसून काढला. याचं एक कलम कोणी सांगत नाही: दरवर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती तपासून आयईसी ‘अपडेट’ करावं लागतं, काही बदल नसला तरी. नाही केलं तर कोड बंद पडतो. त्यानंतर अपेडाची, म्हणजे शेतमाल आणि प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांची निर्यात बघणाऱ्या सरकारी संस्थेची नोंदणी. तिलाच आरसीएमसी म्हणतात. फळांचे पदार्थ अपेडाकडे येतात. जीएसटी धरून ५,९०० रुपये भरले.

वेळ खाल्ला तो अन्नसुरक्षेचं लायसन्स देणाऱ्या एफएसएसएआयने. आमचं राज्याचं लायसन्स होतं, निर्यातीसाठी सेंट्रल लागणार होतं. त्याची फी वर्षाला ७,५००. कारखान्याचा नकाशा, यंत्रांची यादी आणि पाण्याचा तपासणी अहवाल जोडून अर्ज केला. नकाशात कच्चा माल आत येण्याची आणि तयार माल बाहेर जाण्याची वाट वेगळी दाखवा, अशी शंका आली. ती दाखवायची म्हणजे आधी ती असायला हवी. मागची खिडकी काढून दार बसवलं, नवा नकाशा काढून घेतला. या सगळ्यात दोन महिन्यांहून जास्त गेले. पण तुम्ही हे करणार असाल तर माझं सांगणं असं की लायसन्सचा अर्ज सीझनच्या आधी करा. एप्रिल-मेमध्ये रातांबे (कोकमाची फळं) दारात येऊन पडतात तेव्हा पोर्टल उघडायलाही कोणाला सवड नसते.

त्या सीझनला आम्ही एक गोष्ट वेगळी केली. निर्यातीच्या मालाचा घाणा वेगळा ठेवला. कुठल्या वाडीतून रातांबे आले, कधी फोडले, मीठ किती घातलं, पिंप कुठलं, सगळं बॅच नंबर टाकून रोज लिहिलं. फोडायला येणाऱ्या बायकांना पहिले दोन दिवस हे लिहिणं म्हणजे नसती कटकट वाटली. मग त्यांच्यातल्याच एकीने वही ताब्यात घेतली आणि नंतर ती माझंही काही चालू देईना. प्रयोगशाळेचा अहवाल, लेबल, इनव्हॉइस या सगळ्यांवर तोच बॅच नंबर येतो. तो मुळात खरा नसेल तर पुढचं काहीच जुळत नाही.

जून-जुलैत नमुने तपासायला दिले. प्रयोगशाळा एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यता असलेली आणि ती मान्यता नेमक्या तुम्हाला हव्या त्या चाचण्यांसाठी आहे ना, हे विचारून घ्या. जड धातू, कीटकनाशकांचे अंश, बुरशी-जंतू, पोषणमूल्यं, सोडियम. तीन उत्पादनांचे मिळून आम्हाला साधारण ४० हजार रुपये पडले. आगळात मिठाशिवाय टिकवायला काही घालत नाही, ही आमची जमेची बाजू निघाली, कारण पुढे प्रत्येक खरेदीदाराने पहिला प्रश्न प्रिझर्व्हेटिव्हचाच विचारला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या आधी, मी आणि दीर दुबईला गेलो. राहणं नणंदेकडे, म्हणून खर्च तिकिटं, व्हिसा आणि फिरण्यापुरता, दोघांचा मिळून सव्वा लाखाच्या आत. जाण्याआधी ईमेलवर वेळ घेऊन दोन आयातदारांच्या भेटी ठरवल्या होत्या. बाकीचे दिवस दुकानं पाहण्यात घालवले: बर दुबईचा मीना बाजार, करामा, शारजातलं रोला. मी फडताळांचे फोटो काढत नव्हते, तसं केलेलं दुकानदारांना आवडत नाही. वस्तू विकत घ्यायची, पावती ठेवायची आणि घरी येऊन वहीत लिहायचं: कोणाचा माल, वजन, किंमत, कुठल्या कप्प्यात, खाली की डोळ्यांसमोर, एक्स्पायरीला किती महिने राहिलेत. या पावत्या मला कुठल्याही अहवालापेक्षा जास्त उपयोगी पडल्या.

मग पहिल्या आयातदाराची भेट झाली. मी सरबताची बाटली पुढे केली. आमचा सगळ्यात जास्त खपणारा माल, लेबल मोठ्या हौसेने नवीन केलेलं. त्यांनी मागचा मजकूर वाचला, साखरेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “यावर ५० टक्के एक्साइज (उत्पादन शुल्क) आहे.” संयुक्त अरब अमिरातीत १ डिसेंबर २०१९ पासून साखर किंवा गोडी घातलेल्या पेयांवर हा कर होता. तो नुसत्या तयार पेयांपुरता नव्हता. पाणी घालून पेय होईल असं सिरप, पावडर, अर्क, सगळं त्यात. वर प्रत्येक उत्पादनाची तिथल्या कर खात्याकडे वेगळी नोंदणी. नव्या, अनोळखी, छोट्या कंपनीच्या एका बाटलीसाठी कोणता आयातदार एवढं करील? (१ जानेवारी २०२६ पासून तिथे साखरेच्या प्रमाणानुसार कर लावायची पद्धत आली आहे. सरबतवाल्यांनी आपला आकडा नव्याने काढून पाहावा.)

त्या संध्याकाळी माझा धीर सुटला होता. सरबत धरूनच सगळी आखणी केली होती. सासूबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मगे आगळात खंय साखर असता?”

आगळात साखर नसते. आमसुलातही नसते. घरी आम्ही त्यांना जोडीचा माल समजत होतो, खप कमी म्हणून. पण तिथल्या फडताळावर सरबताशी स्पर्धा करायला पाकिस्तानी, इराणी, लेबनानी अशी किती सिरपं उभी होती. आगळ मात्र जवळजवळ कुठेच नव्हतं आणि आमसुलं होती ती काळी पडलेली, सुटी बांधलेली. दुसऱ्या आयातदाराकडे सरबत पिशवीतून काढलंच नाही.

कोण खाणार, हा हिशेब मग नव्याने मांडला. सोलकढी करणारी मालवणी आणि गोव्याची घरं तर होतीच. पण वरणात कोकम घालणारे गुजराती मीना बाजारात पिढ्यान् पिढ्या व्यापारात आहेत. मंगळूरकडचे लोक कोकमाला पुनर्पुळी म्हणतात आणि त्याचं सार करतात. मल्याळी लोक माशाच्या कालवणात कुडमपुळी घालतात, ती कोकमाचीच सख्खी चुलत बहीण. एका मल्याळी दुकानदाराने आमचं आमसूल चाखून सरळ सांगितलं की हे आमच्या कामाचं नाही, आमची पुळी धुरी दिलेली असते. बरं झालं. संख्येने सगळ्यात मोठा तो समाज मी मनातल्या मनात गिऱ्हाइकात धरून बसले होते, तो तिथल्या तिथे वजा केला. आमसुलं गुजराती किराणा दुकानांसाठी, आगळ कोकणी, गोव्याच्या आणि मंगळुरी घरांसाठी: आराखडा एवढा लहान झाला तेव्हाच तो आमच्या आवाक्यात आला.

परत आल्यावर किमतीचा तक्ता केला, उलटा. आपण इथे खर्चावर नफा चढवत वर जातो. नव्या बाजारात तिथल्या फडताळावरच्या किमतीपासून खाली उतरावं लागतं. अर्धा लिटर आगळाला तिथे १२ दिरहम गिऱ्हाईक देईल असं पावत्यांवरून दिसत होतं. त्यातून ५ टक्के व्हॅट काढला की ११.४३ राहतात. दुकानदाराचे ३० टक्के गेले, ८ उरले. वितरकाचे २५ टक्के गेले, ६ उरले. जहाजाचं भाडं, तिथलं क्लिअरिंग आणि ५ टक्के सीमाशुल्क मिळून बाटलीमागे ९० फिल्स धरले (१०० फिल्सचा एक दिरहम). उरले ५ दिरहम १० फिल्स, म्हणजे तेव्हाच्या दराने ११६-११७ रुपये. आमचा बाटली, खोका आणि न्हावा शेवापर्यंतची वाहतूक धरून खर्च ८४ होता. जमत होतं. सरबताचं हेच गणित मांडलं तर एक्साइजमध्येच पावणेचार दिरहमच्या वर जात होते आणि आमच्या हातात तोटा येत होता.

भारत आणि अमिरातीचा सेपा हा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे, त्याखाली सीमाशुल्कात सवलती आहेत. तरी तक्त्यात मी पूर्ण ५ टक्केच धरले. सवलत मिळाली तर ती आयातदाराच्या जाहिरातीला देऊ, असं त्यांच्याशी बोलून ठेवलं. सवलतीवरच नफा उभा असेल तर एक कागद अडकला की सगळंच बसतं.

डिसेंबरात आयातदाराशी बोलणी पक्की झाली. त्यांना एक वर्षाची उधारी आणि अख्ख्या अमिरातीची एकाधिकार वितरणाची चिठ्ठी हवी होती. आम्ही ३० टक्के आगाऊ आणि बाकी बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, प्रत मिळाल्यावर, यावर अडून राहिलो. एकाधिकार दिला, पण फक्त दुबई-शारजापुरता, एका वर्षासाठी आणि ठरलेला माल उचलला तरच. बोलताना पोटात गोळा होता, आपण जास्त ताणतोय की काय असं वाटत होतं. पण पैसे अडकले तर आम्ही पुढच्या सीझनला रातांबेच घेऊ शकलो नसतो. उधारीवरच जायची पाळी आली तर ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणारा, विमा घ्या. सरकारी कंपनी आहे, १९५७ पासून हेच काम करते. मुंबईला फोन केला तर छोट्यांनाही नीट समजावून सांगतात.

जानेवारी २०२५ बँकेत गेला. एडी कोड म्हणजे तुमच्या बँकेचा परकीय चलनाचा १४ आकडी कोड. बँक लेटरहेडवर तो देते आणि आपण आइसगेटवर (सीमाशुल्क खात्याचं पोर्टल) ज्या बंदरातून माल जाणार त्या बंदरासाठी नोंदवायचा. आमच्या शाखेत परकीय चलनाचं काम होत नव्हतं, म्हणून कागद दुसऱ्या शहरातल्या शाखेत गेले आणि तिथे पडून राहिले. पत्रावर कंपनीचं नाव आयईसीवरच्या नावाहून एका अक्षराने वेगळं छापून आलं. आइसगेटने ते नाकारलं, पुन्हा तीच वाट. ऑर्डर हातात यायच्या आधीच हे काम करून ठेवा, त्याला ऑर्डर लागत नाही.

लेबलवर मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तो कारणी लागला. अरबी मजकूर लागतोच. आयातदाराने भाषांतर करून दिलं आणि दुबई महानगरपालिकेच्या अन्न-आयात प्रणालीत लेबल मंजूर करून घेतलं. अरबीचं स्टिकर चालतं, पण उत्पादनाची आणि एक्स्पायरीची तारीख स्टिकरवर चालत नाही, ती मूळ पॅकवर छापलेली हवी. आमच्या जुन्या बाटल्यांवर ‘अमुक महिन्यांच्या आत वापरा’ एवढंच असायचं. त्यासाठी तारखा छापायचं छोटं यंत्र घेतलं. बाटली काचेऐवजी खाद्यपदार्थांसाठीच्या जाड पेट प्लास्टिकची निवडली, वजन आणि फुटतूट दोन्ही वाचली.

फेब्रुवारीत माल तयार होता, पण १ मार्चपासून रमजान होता. आयातदाराने मोकळेपणाने सांगितलं की गोदामं रमजानच्या मालाने भरलीत, तुमचा नवीन माल कोपऱ्यात पडेल. ईदनंतर पाठवा. आम्ही थांबलो. वर्षाचं कॅलेंडर त्यांचं बघायचं, आपलं नाही.

थांबल्यामुळे आर्थिक वर्ष मात्र बदललं. आयजीएसटी न भरता निर्यात करायची तर जीएसटी पोर्टलवर एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरावं लागतं. फी नाही, पण ते ३१ मार्चला संपतं. सीएंनी नव्या वर्षाचं १ एप्रिललाच भरून टाकलं. एचएस कोडवरही, म्हणजे माल कुठल्या वर्गात मोडतो ते सांगणाऱ्या आकड्यावरही, थोडी चर्चा झाली. सरबताला आपल्याकडे २१०६ ९० ११ असा स्वतःचा कोड आहे, आगळाबद्दल दोन मतं होती. आमच्या कस्टम ब्रोकरने तिथल्या क्लिअरिंग एजंटाशी बोलून पहिले सहा आकडे दोन्हीकडे एकच राहतील असं ठरवलं. आठ आकडे देशागणिक बदलतात, पहिले सहा जगभर सारखे असतात. ते जुळले नाहीत तर सेपाच्या सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवरही (माल भारतातलाच असल्याचा दाखला) प्रश्न येतो.

एप्रिलच्या मध्यावर कुडाळहून टेम्पो निघाला. पूर्ण कंटेनर भरेल एवढा माल नव्हता, म्हणून एलसीएल, म्हणजे दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरात. लाकडी पॅलेट घेणार असाल तर त्यावर आयएसपीएम-१५ चा शिक्का आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. उष्णता किंवा औषधाची धुरी देऊन कीड मारल्याची ती खूण आहे, तिच्याशिवाय लाकूड देशाबाहेर जात नाही. आमच्या ओळखीच्या सुताराने चांगली पॅलेट करून द्यायची तयारी दाखवली होती, पण शिक्का तो कुठून देणार! नवी मुंबईतून विकत घेतली. ब्रोकर, गोदाम, भाडं, सर्टिफिकेटं धरून या पहिल्या खेपेला ७० हजारांच्या आसपास खर्च आला. माल लहान असल्याने बाटलीमागे तो तक्त्यापेक्षा जास्त बसला आणि पहिल्या खेपेत नफा जेमतेम राहिला. हे आम्ही आधीच धरून चाललो होतो.

‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’, म्हणजे माल बाहेर पाठवायची सीमाशुल्क खात्याची परवानगी, मिळाल्याचा ब्रोकरचा मेसेज आला तेव्हा मी कारखान्यातल्या सगळ्यांना तो मोठ्याने वाचून दाखवला. वही सांभाळणाऱ्या बाईंनी बॅच नंबर परत तपासून घेतला.

मे २०२५ ने नवी काळजी आणली. पाऊस २०-२१ तारखेपासूनच लागला आणि २५ मेला मान्सून कोकणात दाखल झाला. झाडावरचे रातांबे गळून चिखलात गेले, आमसुलं वाळवायला ऊन नाही. त्याच आठवड्यात आयातदाराचा निरोप आला की आमसुलं संपत आलीत, आगळ सावकाश जातंय. आधीच्या बॅचा होत्या म्हणून निभावलं. नंतर ड्रायर घेतला आणि कणकवली-वेंगुर्ल्याकडच्या दोन बचत गटांशी पुढच्या सीझनचा दर आधीच ठरवला. दुसरी खेप नोव्हेंबरात गेली, त्यात आमसुलं जास्त, आगळ कमी. गुजराती दुकानदारांनी पाव किलोऐवजी १०० ग्रॅमचं पाकीट मागितलं होतं, ते केलं.

आता मस्कतहून विचारणा आली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये भारत-ओमान करारावर सह्या झाल्यापासून ओळखीचे लोक ‘लगेच पाठवा’ म्हणताहेत. सध्या आम्ही तिथल्या दोन आयातदारांना एकच पत्र लिहिलंय: आमसुलं आणि आगळ उतरवून घेताना तुम्हाला काय काय भरावं लागेल, लेबलला काय लागेल आणि तुमच्याकडे ती विकत घेणारं घर कुठलं. त्यांची उत्तरं आली की दीर मस्कतचं तिकीट काढतील. मी इथेच थांबणार आहे, कारण तोपर्यंत रातांबे पिकलेले असतील.